जळत्या जहाजावरचा पोरगा: जोकान्ते कॅसाबियांकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कॅसाबियांका म्हणजे तोच ना, शाळेतल्या कवितेतला? खरा माणूस होता का?

हो तोच, आणि हो, खरा होता. जुन्या इंग्रजी रीडरमधे फेलिशिया हेमन्सची ती कविता होती, बापाच्या आज्ञेखातर जळत्या जहाजावर उभ्या राहिलेल्या पोराची, बऱ्याच जणांच्या आई-वडिलांना आजोबांना अजून तोंडपाठ असते, आणि म्हणूनच बहुतेकांना वाटतं की हे रचलेलं काहीतरी आहे, तात्पर्य सांगायला. पण जोकान्ते नावाचा मुलगा खरंच होता, लोरियाँ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेवर होता, त्या जहाजाच्या कॅप्टनचा मुलगा होता, आणि १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अबुकीर बे मधे तो आणि त्याचे वडील दोघंही मेले. इंग्रज या लढाईला नाईलची लढाई म्हणतात, फ्रेंच अबुकीरची म्हणतात, लढाई एकच.

वय किती होतं त्याचं?

फ्रेंचांच्या तेव्हाच्या पत्रांत दहा वर्षं आहे. कवितेच्या टिपेत साधारण तेरा आहे. मधे कुठेतरी बारा पण वाचायला मिळतं. मला दहा जास्त पटतं, कारण ते लढाईनंतर लगेच लिहिलेलं आहे आणि लिहिणारे त्याच ताफ्याबरोबर आलेले लोक होते, तेरा हा आकडा अठ्ठावीस वर्षांनी इंग्लंडमधून आलाय. पण दहा काय तेरा काय, पोरच.

एवढं लहान पोर युद्धनौकेवर काय करत होतं? आई-बापाला अक्कल नव्हती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आजच्या डोक्याने विचारला की बरोबरच आहे. पण त्या काळी सगळ्या नौदलांत लहान मुलं असायचीच, इंग्रजांकडे पण आणि फ्रेंचांकडे पण. फ्रेंच जहाजावर अशा पोरांना मूस म्हणायचे. साफसफाई, अधिकाऱ्यांची वरकामं, शिडांच्या दोऱ्यांवर चढउतार, आणि लढाई लागली की खाली दारूच्या कोठारातून बारुदाच्या पिशव्या तोफांपर्यंत धावत पोचवायच्या. बारुद एकदम तोफेजवळ रचून ठेवता येत नाही, एक ठिणगी पडली की संपलं, म्हणून एकेक पिशवी आणायची, आणि मोठ्या माणसाला वाकून जावं लागतं अशा बुटक्या मजल्यांमधे छोटी पोरं पटापट पळतात.

जोकान्ते हा असा भरती केलेला गरिबाघरचा मूस नव्हता, कॅप्टनसाहेबांचा मुलगा होता. अधिकाऱ्याने पोराला जहाजावर बरोबर नेणं, म्हणजे पुढे तोही अधिकारी होईल, हा तेव्हाचा सरळ रस्ता होता. त्याच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून खाली बापाबद्दल आणि जहाजाबद्दलच जास्त येईल, इलाज नाही.

बाप कोण होता?

ल्यूक-ज्युलियन-जोसेफ कॅसाबियांका. जन्म १७६२, कॉर्सिका बेटावर, घराणं तिथल्या वेस्कोवातो गावचं. मजा बघा, तेव्हा कॉर्सिका फ्रान्सकडे नव्हतंच, इटलीतल्या जिनोआ या राज्याने ते १७६८ मधे फ्रान्सला दिलं, म्हणजे हा माणूस जन्माने फ्रेंच पण नाही आणि मेला फ्रेंच झेंड्याखाली. तरुणपणी फ्रेंच नौदलात गेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात होता. फ्रेंच राज्यक्रांती झाल्यावर कॉर्सिकातर्फे पॅरिसच्या कन्व्हेन्शनमधे, म्हणजे क्रांतीच्या संसदेत निवडून गेला, आणि राजा सोळाव्या लुईचं काय करायचं यावर मतदान झालं तेव्हा याने देहदंड नको, कैदेत ठेवा असं मत दिलं. त्या वातावरणात असं मत द्यायला हिंमत लागायची. नंतरच्या संसदेत, पाचशेंच्या कौन्सिलमधेही होता.

क्रांतीनंतर जुने खानदानी नौदल अधिकारी भराभर देश सोडून गेले होते, त्यामुळे अनुभवी कॅप्टनांची वानवा होती. शिवाय नेपोलियन पण कॉर्सिकाचाच. त्यामुळे ताफ्यातलं सगळ्यात मोठं जहाज कॅसाबियांकाच्या हातात असणं यात आश्चर्य काही नाही.

अजून एक, हे फार कुणी सांगत नाही. १७९४ मधे कॉर्सिकातल्या काल्वीला इंग्रजांनी वेढा घातला, त्यात नेल्सनच्या, म्हणजे पुढे अबुकीरला इंग्रज ताफ्याचा प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याच्या, उजव्या डोळ्याची नजर गेली. त्या काल्वीचं रक्षण करणारा फ्रेंच सेनापती होता राफाएल कॅसाबियांका, याच घराण्यातला. म्हणजे नेल्सन आणि कॅसाबियांका हे प्रकरण अबुकीरच्या चार वर्षं आधीच सुरू झालं होतं.

लोरियाँ जहाज केवढं होतं?

प्रचंड. तीन मजले तोफांचे, ११८ तोफा (काही ठिकाणी १२० लिहितात), जवळपास हजार माणसं. तूलाँ बंदरात १७९१ मधे पाण्यात उतरवलं तेव्हा नाव होतं दोफाँ रॉयाल, म्हणजे युवराजाच्या नावाचं. क्रांती झाली, राजेशाही नको झाली, मग नाव बदलून साँ-क्युलोत केलं, म्हणजे रस्त्यावरच्या क्रांतिकारकांचं. मग तेही जहाल वाटायला लागलं म्हणून १७९५ मधे लोरियाँ. चार वर्षांत तीन नावं! सरकार बदललं की पाट्या बदलायची हौस सगळीकडे सारखीच.

सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या तोफांचा एकेक गोळा १७ किलोच्या वर. समोरच्या इंग्रज ताफ्यात एवढ्या ताकदीचं एकही जहाज नव्हतं, त्यांची मुख्य जहाजं सगळी ७४ तोफांची.

पण फ्रेंच इजिप्तला गेले कशाला?

इंग्लंडवर थेट चढाई जमत नव्हती म्हणून त्यांच्या हिंदुस्थानच्या वाटेवर पाय द्यायचा, असा थोडक्यात हिशोब. नेपोलियन १९ मे १७९८ ला तूलाँहून निघाला, स्वतः लोरियाँवरच होता, जूनमधे जाताजाता माल्टा घेतलं, जुलैच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाला सैन्य उतरवलं. नेल्सन त्यांना शोधत अख्खा भूमध्य समुद्र पालथा घालत होता. गंमत म्हणजे जूनअखेरीस तो अलेक्झांड्रियाला पोचला होता, तिथे कुणी नाही बघून निघून गेला, आणि दोनचार दिवसांत फ्रेंच तिथे हजर. तेव्हाच गाठ पडली असती तर नेपोलियन जहाजावरच सापडला असता. आणि जोकान्तेची गोष्ट तेव्हाही बहुतेक अशीच संपली असती, पण इतिहासात बाकी काय काय झालं नसतं याचा विचार करत बसलं की रात्र पुरत नाही.

१ ऑगस्टला नक्की काय झालं?

लोरियाँसारखी मोठी जहाजं अलेक्झांड्रियाच्या बंदरात आत शिरणं धोक्याचं होतं, पाणी उथळ. म्हणून अॅडमिरल ब्रुएसने ताफा तिथून थोडं पूर्वेला अबुकीर बे मधे आणला आणि १३ मोठी जहाजं एका रांगेत नांगरून ठेवली, किनाऱ्याच्या बाजूला उथळ पाणी, समुद्राच्या बाजूला तोफा. त्याचा हिशोब असा की किनाऱ्याकडून कुणी येऊच शकत नाही, मग त्या बाजूच्या तोफा तयार ठेवायची गरज काय, तिकडे सामानसुमान रचून ठेवलेलं. शिवाय जहाजं फक्त पुढच्या नांगरावर उभी होती, म्हणजे वाऱ्याबरोबर गोल फिरायला जागा ठेवावी लागते, आणि जहाज फिरू शकतं तेवढी जागा आहे याचाच अर्थ दुसरं जहाज तिथून जाऊ शकतं. इंग्रज कॅप्टन फोलीने गोलायथ जहाजावरून हे बघितलं आणि सरळ रांगेच्या टोकाला वळसा घालून आत किनाऱ्याच्या बाजूला घुसला, मागोमाग अजून काही जहाजं. बाकीची बाहेरच्या बाजूने आली. फ्रेंच जहाजांवर दोन्हीकडून मारा सुरू झाला, तोही संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, जेव्हा ब्रुएसला वाटत होतं की आता अंधार पडतोय, इंग्रज उद्या येतील. त्याचे बरेच खलाशी तर पाणी भरायला आणि विहिरी खणायला किनाऱ्यावर गेलेले!

लोरियाँ रांगेच्या मधोमध होतं. त्याच्यासमोर पहिल्यांदा इंग्रजांचं बेलेरोफोन आलं आणि पार चिंधड्या झाल्या त्याच्या, तिन्ही डोलकाठ्या गेल्या, दोनशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, ते वाहत वाहत लढाईच्या बाहेर गेलं. म्हणजे पहिला दीडएक तास लोरियाँ जिंकत होतं, हे लक्षात ठेवा, कारण कवितेत हे काहीच नाही. त्या दीड तासात पोरगा खालीवर धावपळीत असणार, आणि फ्रेंच पत्रांत लिहिलंय की वयाच्या मानाने त्याने फार धीर आणि हुशारी दाखवली. मग स्विफ्टशुअर आणि अलेक्झांडर ही दोन ताजी जहाजं आली. ब्रुएस आधीच जखमी होता, खाली जायला तयार नव्हता, एका गोळ्याने त्याचे जवळजवळ दोन तुकडे झाले आणि तो डेकवरच मेला. कॅप्टन कॅसाबियांका पण जबर जखमी झाला. नऊच्या सुमाराला जहाजाच्या मागच्या भागात आग दिसली.

आग कशामुळे लागली?

रंग! जहाजाला रंग द्यायचं काम चालू होतं, रंगाचे डबे, तेलाच्या बादल्या मागच्या डेकवर तशाच पडलेल्या असं सांगतात. इंग्रजांना आग दिसल्यावर त्यांनी मुद्दाम तिथेच तोफा डागल्या, म्हणजे विझवायला कुणी जाऊच नये. आग वर डोलकाठ्यांवर चढली, खाली मजल्यांमधे उतरली, आणि वर एवढं पेटलेलं असताना खालच्या मजल्यावरचे तोफवाले अजून तोफा चालवत होते असंही सांगतात. साधारण दहा वाजता आग दारूच्या कोठारात पोचली.

स्फोट केवढा होता?

एवढा की बरेच किलोमीटर लांब अलेक्झांड्रिया आणि रोझेटापर्यंत आवाज गेला. जळक्या लाकडांचा, दोऱ्यांचा, माणसांचा पाऊस आजूबाजूच्या जहाजांवर पडला. सगळी लढाई थांबली. काही मिनिटं दोन्ही बाजूंनी एकही तोफ उडाली नाही, मग परत सुरू.

मुलगा नक्की कसा मेला? कवितेत आहे तसा?

आता मुद्द्याचं. दोन कथा आहेत.

पहिली, सगळ्यांना माहीत असलेली. बापाने सांगितलं इथून हलू नकोस, बाप खाली मरून पडला, पोराला ते कळलं नाही, तो हाका मारत राहिला, आजूबाजूचे सगळे पळाले, आगीच्या ज्वाळा आल्या, तरी तो जागेवरून हलला नाही, स्फोट.

दुसरी, लढाईनंतरच्या फ्रेंच पत्रांमधली. जहाज पेटल्यावर जो तो पाण्यात उड्या मारत होता, कॅप्टन आणि त्याचा मुलगाही पाण्यात होते, तुटलेल्या डोलकाठीला धरून, पोहता येत नव्हतं, एकमेकांना शोधत होते. मग जहाज फुटलं आणि सगळंच संपलं. यातही पुढे फाटे फुटले, काही ठिकाणी येतं की जखमी बापाला सोडून जायला पोराने नकार दिला म्हणून दोघं मागे राहिले.

माझं मत विचाराल तर दुसरी. कारण साधं आहे. पहिली कथा खरी असायची तर जळत्या डेकवर पोराच्या शेजारी उभा राहून त्याच्या हाका ऐकणारा कुणीतरी शेवटपर्यंत हवा, आणि तो माणूस वाचलाही हवा. असा माणूस कुठून येणार? याउलट पाण्यात शेकडो जण होते, त्यातले थोडे वाचले, आणि पाण्यातलं त्यांनी पाहिलेलं असू शकतं. शिवाय आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत जवळपास तास गेला, म्हणजे उडी मारायला वेळ होता. आणि दहा वर्षांचं पोर जखमी बापाला धरून पाण्यात लाकडाला लटकलंय, हे मला पुतळ्यासारखं उभं राहण्यापेक्षा जास्त माणसासारखं वाटतं.

मग कविता खोटी म्हणायची का?

खोटी नाही, कविता आहे. फेलिशिया हेमन्स या इंग्लिश कवयित्रीने ती १८२६ मधे छापली, अठ्ठावीस वर्षांनी, आणि टिपेत मुलाच्या वडिलांना अॅडमिरल म्हटलंय, ते कॅप्टन होते, अॅडमिरल ब्रुएस होता. म्हणजे तपशील तिच्यापर्यंत पोचेपर्यंत गोष्ट बरीच हातांतून गेली होती.

मला खटकतं ते वेगळंच. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या पोराचं कौतुक केलं, चांगलंच आहे, पण कौतुक कशाचं केलं? आज्ञा पाळली याचं. आणि मग ती कविता शंभर-दीडशे वर्षं शाळेत मुलांकडून घोकून घेतली, इंग्लंडमधे पण आणि इकडे आपल्याकडे पण, की बघा मोठ्यांचं ऐकावं तर असं. तोफा कुणी डागल्या, आग विझू नये म्हणून तिथेच नेम कुणी धरला, हे त्या कवितेच्या तासाला कुणी विचारत नाही. पोरांनीच बदला घेतला म्हणा, या कवितेची विडंबनं इतकी झाली की काही इंग्रज मुलांना विडंबन आधी पाठ व्हायचं आणि मूळ नंतर.

बापाने त्याला आधीच होडीत बसवून का नाही पाठवलं?

कुठल्या होडीत? अशा लढाईत होड्या गोळ्यांनी फुटलेल्या असतात किंवा बाहेर असतात, आणि बाप जबर जखमी. उगाच त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

इंग्रजांनी वाचवायचा प्रयत्न केला का?

केला. नेल्सन स्वतः डोक्याला लागून खाली पडलेला होता, पण जहाज पेटल्याचं कळल्यावर वर आला आणि त्याच्या व्हॅनगार्ड जहाजाची जी होडी शाबूत होती ती पाठवायला सांगितलं. स्विफ्टशुअर लोरियाँच्या इतकं जवळ होतं की त्याने हलायला हवं होतं, पण कॅप्टन हॅलोवेलने हिशोब केला की स्फोटाचा मलबा आपल्या डोक्यावरून पलीकडे जाईल, आणि तसंच झालं. इंग्रज होड्यांनी ७० च्या आसपास माणसं उचलली. स्वतःहून किनाऱ्याला लागलेले धरून एकूण किती वाचले यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण बहुतेक खलाशी गेले हे नक्की. ब्रुएसचा चीफ ऑफ स्टाफ गाँतोम मात्र वाचला आणि नंतर मोठा अॅडमिरल झाला.

लढाई कोण जिंकलं?

नेल्सन, एकतर्फी. १३ मोठ्या फ्रेंच जहाजांपैकी ११ गेली, पकडली किंवा जळाली. दोनच निसटली, त्यात फ्रेंच अॅडमिरल व्हिलनव होता, जो पुढे १८०५ मधे ट्रफाल्गरच्या लढाईत परत नेल्सनच्या समोर आला, नशीब बघा.

जहाजात खजिना होता म्हणतात, खरं का?

माल्टाच्या सरदारांकडून लुटलेलं सोनं-चांदी लोरियाँवर चढवलं होतं हे खरं. त्यातलं किती आधीच इजिप्तमधे उतरवलं होतं यावर वाद आहे. १९८० च्या दशकात फ्रेंच डायव्हर जाक द्युमाने अवशेष शोधले, मग १९९८-९९ मधे फ्रँक गोदियोच्या टीमने नीट काम केलं. त्यांना तोफा, नाणी (माल्टाची, तुर्की, स्पॅनिश, अशी वेगवेगळी), छपाईचे खिळे असं सापडलं. छपाईचे खिळे का, तर नेपोलियन बरोबर छापखाना आणि दीडशेच्या वर विद्वान घेऊन आला होता. अवशेष ज्या तऱ्हेने पसरलेत त्यावरून स्फोट एक नाही दोन झाले असावेत असं गोदियोचं म्हणणं.

याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच. तेव्हा मुंबईतल्या कंपनी सरकारला धास्ती होती की फ्रेंच इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रातून इकडे येतील आणि टिपू सुलतानाला मिळतील. लढाई झाल्यावर ९ ऑगस्टला नेल्सनने मुंबईच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की काळजी नको, आणि ते घेऊन लेफ्टनंट ड्युव्हल नावाच्या अधिकाऱ्याला खुष्कीच्या मार्गाने पाठवलं, अलेप्पो, मग बसरा, मग मुंबई. ऑक्टोबरमधे पत्र पोचलं. गव्हर्नर होता जोनाथन डंकन. ईस्ट इंडिया कंपनी इतकी खुश झाली की नेल्सनला १०,००० पाउंड बक्षीस दिलं. नेपोलियनने जानेवारी १७९९ मधे कैरोहून टिपूला पत्र लिहिलं ते इंग्रजांच्याच हाती लागलं, आणि मे १७९९ मधे श्रीरंगपट्टणला टिपू पडला. पुण्यात तेव्हा नाना फडणवीस आणि दुसरा बाजीराव यांचं राजकारण चालू होतं, आणि शिंद्यांच्या फौजेत पेराँसारखे फ्रेंच अधिकारी होते. म्हणजे लोरियाँ उडालं त्या रात्रीचा हिशोब इकडेपर्यंत येतो.

जोकान्तेची समाधी कुठे आहे? चित्र वगैरे?

समाधी नाही, समुद्रातच गेला. पुस्तकांतली त्याची चित्रं सगळी नंतरच्या चित्रकारांनी मनाने काढलेली, बऱ्याच चित्रांत तो गोरागोमटा, नीटनेटके कपडे घातलेला दिसतो, तीन तास बारुदाच्या धुरात असलेलं पोर तसं दिसणार नाही. जहाज फुटतानाचं प्रसिद्ध पेंटिंग जॉर्ज आर्नल्डचं आहे.

फ्रान्समधे त्याची आठवण ठेवलीय का?

कॅसाबियांका नावाच्या युद्धनौका झाल्यात, नाव बापाचं म्हणून असलं तरी लोक दोघांनाही आठवतात. सगळ्यात गाजलेली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी. नोव्हेंबर १९४२ मधे जर्मन तूलाँ घ्यायला आले तेव्हा फ्रेंचांनी आपला ताफा स्वतःच बुडवला, पण कॅप्टन लेर्मिनिए कॅसाबियांका घेऊन निसटला, नंतर गुपचूप कॉर्सिकाच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि माणसं उतरवत राहिला, सप्टेंबर १९४३ मधे एका खेपेत शंभराच्या वर सैनिक पाणबुडीत कोंबून आजाक्सिओला उतरवले. कॉर्सिकाच्या माणसाच्या नावाची पाणबुडी कॉर्सिका सोडवायला. पुढे १९८७ मधे याच नावाची अणुपाणबुडी पण आली.

प्रत्यक्ष काय बघायला मिळेल?

कॉर्सिकाला गेलात तर बास्तियात सेंट निकोला चौकात त्या महायुद्धातल्या पाणबुडीचा वरचा मनोरा ठेवलाय. वेस्कोवातो गाव तिथून गाडीने जवळच. आर्नल्डचं पेंटिंग लंडनला ग्रीनिचच्या नौदल संग्रहालयाकडे आहे. लंडनलाच सेंट पॉल्समधे नेल्सनची कबर आहे, आणि आतली शवपेटी लोरियाँच्या डोलकाठीच्या लाकडाची, हॅलोवेलने स्फोटानंतर लाकूड उचलून करून घेतली आणि नेल्सनला भेट दिली, नेल्सनला ती इतकी आवडली की म्हणे केबिनमधे ठेवायचा (काय एकेक लोक). पेटी अर्थात दिसत नाही, वरचा दगडच दिसतो. आणि एवढं लांब जायचं नसेल तर मुंबईतच फोर्टमधे चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्यासारखं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, तिथे त्या पत्र मिळालेल्या डंकनचं स्मारक आहे, आत जायला तिकीट नाही.